ऑनलाइन पोर्टफोलिओ: मुलांचं वाचन-लेखन तपासायला बसण्याआधी आणि बसल्यावर

पोर्टफोलिओ म्हणजे मुलाच्या निवडक कामांचा संग्रह. पहिल्या वर्षी मी त्या नावाखाली गोदाम भरलं होतं. प्रत्येक मुलाचा प्रत्येक कागद फोनवर टिपायचा आणि ड्राइव्हवर ढकलायचा. सत्र संपलं तेव्हा हजारावर फोटो जमले होते. सगळ्यांची नावं ‘आयएमजी’ने सुरू होणारी, निम्मे आडवे, काहींवर माझ्याच हाताची सावली. तपासायला बसले तर दोन संध्याकाळी कोणता कागद कोणाचा हे लावण्यातच गेल्या. शेवटी श्रेण्या दिल्या त्या आठवणीवर, आणि फोल्डर तसंच बंद राहिलं.

हे काम नव्याने अंगावर आलेल्यांना म्हणून आधीच सांगते, पोर्टफोलिओत किती आहे याला फारसा अर्थ नाही. एकाच मुलाची, एकाच प्रकारची, वेगवेगळ्या महिन्यांतली दोन कामं शेजारी ठेवून त्यांतलं अंतर तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आलं, तर मूल्यमापन झालं. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिथपर्यंत पोहोचण्यासाठीच आहेत.

पायरी १: आधी प्रश्न, मग ॲप

बहुतेक जण सुरुवात ‘कोणतं ॲप चांगलं?’ इथून करतात. त्याला खरंच फार महत्त्व नाही. फोटो, आवाज आणि मजकूर ठेवता येतो, प्रत्येक मुलाचं वेगळं फोल्डर करता येतं आणि कोणाला दिसावं हे ठरवता येतं, एवढं झालं की पुरे. गुगल ड्राइव्हमध्ये हे सगळं होतं. शाळेने दुसरं काही घेऊन दिलं असेल तर ते वापरा.

त्याआधी एका कागदावर लिहून काढा की या सत्रात वाचनात आणि लेखनात तुम्हाला नेमकं काय पाहायचंय. ‘वाचन सुधारावं’ यातून काही मोजता येत नाही. ‘अनोळखी उतारा वाचताना मूल चुकल्यावर स्वतःहून मागे येतं का’ हे पाहता येतं. ‘एका घटनेबद्दल लिहिताना कारण सांगतं का’ हेही येतं. वाचनाचे दोन आणि लेखनाचे दोन, असे चारच प्रश्न घ्या. मी एकदा अकरा घेतले होते. दुसऱ्या महिन्यात सातवा प्रश्न काय होता हे मलाच आठवेना.

पायरी २: काय ठेवायचं आणि काय नाही

सत्रभरात एका मुलामागे सहा ते आठ नोंदी पुरतात. मी ठेवते त्या अशा: वाचनाची दोन रेकॉर्डिंग्ज (सुरुवातीचं आणि शेवटचं, जमलं तर मध्ये आणखी एक), अनुभवलेखनाचे दोन नमुने, एखाद्या लेखनाचा कच्चा खर्डा आणि त्याचाच पक्का मसुदा, आणि एक काम मुलाने स्वतः निवडलेलं.

यातली खर्डा आणि मसुदा ही जोडी सोडू नका. फक्त पक्कं लेखन पाहिलं तर त्यात मुलाचं किती, बाईंचं किती आणि घरच्यांचं किती हे कळत नाही. खर्ड्यात खोडलेला शब्द, बाणाने वर नेलेलं वाक्य, समासात घुसवलेलं ‘पण’ हे सगळं दिसतं. मोठी मुलं गुगल डॉक्समध्ये लिहीत असतील तर तिथल्या आवृत्ती-इतिहासात मजकूर कसकसा वाढत गेला ते पाहता येतं. पानभर मजकूर एका फटक्यात अवतरला असेल तर मुलाला शेजारी बसवून ‘हे तू कसं लिहिलंस, सांग बरं’ एवढंच विचारा. उलटतपासणीच्या सुरात नको. पाच मिनिटांत उलगडा होतो.

श्रुतलेखन, अनुलेखन, स्वाध्यायपुस्तिकेची पानं यात नकोत. त्यांची जागा वहीत.

पायरी ३: टिपणं, नाव देणं, साठवणं

कागद खिडकीजवळ सपाट ठेवा, फोन बरोबर वरून धरा आणि साध्या कॅमेऱ्याऐवजी स्कॅनची सोय वापरा. ड्राइव्हच्या मोबाइल ॲपमध्येच ती असते. कडा आपोआप कापल्या जातात आणि पेन्सिलीचं फिकट अक्षरही वाचता येतं. पालकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो दाबला जाऊन येतो, आणि मग वेलांटी पहिली की दुसरी हे ओळखताना डोळे फुटतात.

फाइलच्या नावात तारीख आधी घाला आणि वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवा: ‘२०२५-०७-१४_हजेरी१२_वाचन’. अशाने फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर जुलैची १४ आणि डिसेंबरची १४ शेजारी येऊन बसतात. नावाऐवजी हजेरी क्रमांक का, ते पुढे येईलच.

आवाजासाठी व्हिडिओ करू नका. कॅमेरा दिसला की मूल वाचन सोडून केस सारखे करायला लागतं. फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो, त्याला इंटरनेटही लागत नाही. फाइली नंतर चढवा. जागेची चिंता असेल तर हिशेब सोपा आहे. ३५ मुलं, प्रत्येकाची दोन मिनिटांची चार रेकॉर्डिंग्ज, म्हणजे २८० मिनिटं. एका मिनिटाला साधारण एक एमबी धरला तरी ३०० एमबीच्या आत. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात.

पायरी ४: वाचनाची नोंद

रेकॉर्डिंग नुसतं ऐकून ‘बरं वाचतो’ असं लिहिलं तर रेकॉर्डिंग केलंच कशाला? इथे न्यूझीलंडच्या वाचन-संशोधक मेरी क्ले यांनी रुळवलेली ‘रनिंग रेकॉर्ड’ची पद्धत कामाला येते. मुलाने आधी न वाचलेला सुमारे १०० शब्दांचा उतारा घ्या. त्याची एक छापील प्रत तुमच्यासमोर असू द्या. मूल वाचत असताना बरोबर शब्दावर टिंब द्या, चुकला तर त्यावर मुलाने काय वाचलं ते लिहा. गाळलेला शब्द, जादा घातलेला शब्द, बदललेला शब्द आणि तुम्ही सांगावा लागलेला शब्द, या चारही चुका. पुन्हा वाचणं ही चूक नाही. चुकून स्वतःच सुधारलं तर तीही चूक नाही, पण त्याची वेगळी खूण करा. ती खूण फार मोलाची असते.

१०० शब्दांत ८ चुका म्हणजे अचूकता ९२ टक्के. या पद्धतीत ९५ आणि त्यावर असेल तर उतारा सोपा, ९० ते ९४ म्हणजे शिकवायला योग्य आणि ९०च्या खाली म्हणजे अवघड, असं ढोबळपणे धरतात. हे आकडे इंग्रजी वाचनावरून आलेले आहेत. मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द असतो आणि त्यात तीन ठिकाणी अडखळायला जागा असते. त्यामुळे ते पट्टी म्हणून वापरा, निकाल म्हणून नको. उतारा पारखायला मात्र उत्तम: निम्म्या वर्गाला तो ९०च्या खाली गेला तर चूक उताऱ्याच्या निवडीत आहे.

खरी गंमत चुकांच्या आत असते. माझ्या एका उताऱ्यात वाक्य होतं, ‘आजीने फडताळातून पेटी काढली.’ एका मुलीने वाचलं, ‘आजीने फळातून पेटी काढली,’ आणि ती सरळ पुढे गेली. दुसऱ्या मुलाने वाचलं, ‘आजीने कपाटातून पेटी काढली.’ दोघांची चूक एकेकच, गुणही सारखेच कापले जाणार. पण मुलगी अक्षरं ओढतेय आणि अर्थ लागतोय का हे थांबून पाहत नाही. तिला ‘फळातून पेटी निघेल का गं?’ असं विचारायची सवय लावावी लागेल. मुलगा अर्थ धरून आहे, पण शब्दाकडे न पाहता अंदाज ठोकतोय. त्याला बोट ठेवून ‘फ-ड-ता-ळा’ वाचायला बसवायचं. दोघांना एकच ‘वाचनाचा सराव करावा’ हा शेरा दिला असता तर दोघांनाही उपयोग झाला नसता. म्हणून नोंदीत चुकांचा आकडा लिहा आणि त्याखाली निदान दोन चुका जशाच्या तशा उतरवून ठेवा.

बोलीचं काय, हा प्रश्न दर प्रशिक्षणात येतो. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने शब्द ओळखलाय, त्याला अर्थही कळलाय. ती वाचनाची चूक धरू नये. ‘प्रकाश’चं ‘परकाश’ झालं तर तेच मूल इतर जोडाक्षरांवर काय करतं ते पाहा. बोलतानाही तसंच म्हणत असेल तर सोडून द्या. फक्त वाचताना जोडाक्षर फोडत असेल तर ते शिकवायचं आहे.

वाचून झालं की पुस्तक मिटून दोन प्रश्न विचारा, एकाचं उत्तर उताऱ्यात थेट असलेलं आणि एकाचं नसलेलं. आणि ‘काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग.’ हेही त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या. घडघड वाचून एक अक्षरही न समजलेली मुलं इथेच सापडतात.

पायरी ५: लेखनाचे निकष

एकाच मुलाचे हे दोन तुकडे पाहा. पहिला सत्राच्या सुरुवातीचा:

‘मी सकाळी उठलो. मग मी शाळेत गेलो. मग आम्ही खेळलो. मग मी घरी आलो.’

दुसरा पाच महिन्यांनंतरचा:

‘पाऊस होता म्हनून आम्ही वर्गातच खेळलो. माझ्याकडून खीडकीची काच फूटली. कोणीच काही बोललं नाही पण मला घरी जावसं वाटेना.’

लाल पेन घेऊन बसलात तर पहिल्यात शून्य चुका आणि दुसऱ्यात चार. म्हणजे मूल घसरलं? खरं तर ‘मग’च्या साखळीतून ते ‘म्हणून’ आणि ‘पण’वर आलंय. कारण सांगतंय, आणि मनातलं न सांगता कळू देतंय. हे दिसावं म्हणून निकष वेगवेगळे ठेवायचे. मी चार ठेवते: आशय, मांडणी, शब्द आणि वाक्य, लेखननियम. या मुलाने पहिल्या तिन्हींत उडी मारली आहे. चौथ्यात ऱ्हस्व-दीर्घ, ‘न-ण’ आणि अनुस्वार हे पुढच्या महिन्याचं काम.

प्रत्येक निकषाला चार पातळ्या करा. पाच केल्या की हात आपोआप मधल्या तीनवर जाऊन बसतो. पातळी ‘उत्तम, चांगली, बरी’ अशा विशेषणांनी लिहू नका. कागदावर काय दिसेल ते लिहा. मांडणीचं माझं असं आहे: पातळी १, वाक्यं सुटी, क्रम बदलला तरी फरक पडत नाही. पातळी २, घटना घडल्या त्या क्रमाने आहेत, जोड बहुधा ‘मग’, ‘नंतर’. पातळी ३, कारण किंवा विरोध दाखवणारे जोड आहेत, सुरुवात आणि शेवट ओळखता येतो. पातळी ४, महत्त्वाच्या जागी मूल थांबलंय, बाकीचं थोडक्यात आटोपलंय.

या तक्त्यासोबत प्रत्येक पातळीचा एकेक खरा कागद, नाव झाकून, नमुना म्हणून ठेवा. अडलात की वर्णन वाचण्यापेक्षा नमुना पाहणं जास्त कामी येतं.

पायरी ६: तपासणं

आपली तपासणी आपल्याला वाटते तेवढी भरवशाची नसते. १९६१ साली अमेरिकेत पॉल डिडरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ५३ जाणत्या वाचकांकडून तपासून घेतले. श्रेण्या नऊ होत्या. ९४ टक्के निबंधांना निदान सात वेगवेगळ्या श्रेण्या मिळाल्या. कोणी आशयाकडे पाहत होतं, कोणी शुद्धलेखनाकडे, कोणी शैलीकडे. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच व्हर्माँट राज्याने चौथी आणि आठवीला लेखन आणि गणिताचे पोर्टफोलिओ राज्यभर लावले, तेव्हाही हाच काटा रुतला: एकाच कामाला दोन तपासनीस वेगळे गुण देत. शिक्षकांची शिकवण्याची पद्धत मात्र त्यामुळे बदलली, असंही तिथे आढळलं. म्हणून माझा सल्ला, पोर्टफोलिओवरून मुलांचे क्रमांक लावू नका. तेवढं वजन तो पेलत नाही.

मग करायचं काय? शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना घ्या, सहा कागद निवडा, एकमेकांना न दाखवता पातळ्या द्या आणि मग समोरासमोर ठेवा. एका पातळीचा फरक सोडून द्या. दोन पातळ्यांचा असेल तिथे बोट कागदावर ठेवून ‘तुम्हाला हे कुठे दिसलं?’ असं विचारा. बहुतेक वेळा तक्त्यातला एखादा शब्द मोघम निघतो. तो तिथल्या तिथे बदला. सत्रात दोनदा हे केलं तरी हात बराच सारखा पडतो.

एकट्याने तपासताना दोन सवयी लावून घ्या. एका मुलाचे चारही निकष एकदम देऊ नका. आधी सगळ्या वर्गाचा आशय, मग सगळ्यांची मांडणी, असं जा. नाहीतर सुंदर अक्षराचा प्रभाव पुढच्या प्रत्येक रकान्यात झिरपतो. आणि दर निकषाला क्रम बदला. सलग पाच सामान्य कागदांनंतर आलेला बरा कागद सोन्यासारखा वाटतो.

सगळे एकदम घेऊनही बसू नका. आठवड्याला पाच मुलं घेतली तर ३५ मुलांचा फेरा सात आठवड्यांत होतो, आणि रविवार शाबूत राहतो.

पायरी ७: मुलाशी बोलणं

‘छान! अजून प्रयत्न कर.’ हा शेरा मीही शेकड्यांनी लिहिलाय. मुलं तो वाचतच नाहीत. मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरे आणि काहींना दोन्ही दिले गेले. पुढे सुधारणा आणि आवड दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांत. शेऱ्यासोबत गुण आले की शेऱ्याचा असर गेला. म्हणून पातळ्यांचा तक्ता मी माझ्याकडे ठेवते, मुलाच्या फोल्डरमध्ये फक्त शेरा जातो.

शेऱ्यात मुलाचंच एखादं वाक्य उचला आणि ते तुम्हाला का भावलं ते सांगा, मग एक प्रश्न विचारा, मग एकच काम द्या. वरच्या मुलाला मी लिहिलं होतं: ‘“घरी जावसं वाटेना” हे वाचून मला तुझी भीती कळली, भीती हा शब्द न वापरताही. काच फुटल्यावर सगळ्यात आधी तू कुणाकडे पाहिलंस? “खिडकी” आणि “फुटली” कसं लिहितात ते पुस्तकात शोधून सुधार.’ पुढच्या खर्ड्यात त्याने उत्तर घातलं: ‘मी खाली माझ्या चपलेकडे पाहिलं.’ लहान मुलांसाठी हाच शेरा अर्ध्या मिनिटाच्या आवाजी निरोपात द्या.

मुलाने स्वतः निवडलेल्या कामासोबत ‘हे का निवडलंस?’ हे त्याच्या आवाजात नोंदवा. पहिल्या वेळी नव्वद टक्के मुलं ‘अक्षर छान आलंय म्हणून’ असंच सांगणार (माझा अंदाज, कुठलं सर्वेक्षण नव्हे). हिरमुसू नका. प्रश्न बदला: ‘आधी जमत नव्हतं असं इथे काय जमलंय?’ आणि ‘कुठे अडलीस?’ जुना कागद समोर ठेवून विचारलंत तर उत्तर हमखास निघतं.

पायरी ८: कोणाला काय दिसणार

मुलाचा आवाज आणि त्याच्या घरातल्या गोष्टी असलेलं लेखन, दोन्ही खाजगी आहेत. सुरुवातीलाच पालकांची लेखी संमती घ्या: काय नोंदवणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार. फोल्डर शेअर करताना ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय निवडू नका. ज्या पालकाचं मूल त्याचाच ईमेल पत्ता घाला. वर्गाच्या ग्रुपवर ‘आजचं सर्वोत्तम लेखन’ टाकायचा मोह आवरा. आणि म्हणूनच फाइलवर नाव नको, क्रमांक हवा. क्रमांक आणि नावांची यादी वेगळ्या जागी, फक्त तुमच्याकडे.

पालकसभेत बोलू कमी, ऐकवू जास्त. आधी सत्राच्या सुरुवातीचं रेकॉर्डिंग लावा, मग आत्ताचं, दोन्हींचं पहिलं अर्धं मिनिट. एका वडिलांनी पहिलं ऐकून विचारलं होतं, ‘हा आमचाच का?’ टक्केवारीचा कागद तसाच माझ्या हातात राहिला. मूल शेजारी बसलेलं असेल तर त्यालाच सांगू द्या काय बदललं ते.

वर्ष संपताना

पुढच्या शिक्षकांना सगळं देऊ नका, ते उघडणार नाहीत. प्रत्येक मुलाची चार कामं निवडा: पहिलं आणि शेवटचं वाचन, पहिलं आणि शेवटचं लेखन. सोबत तीन ओळींची नोंद: काय बदललं, काय अडकलंय, कशाने फायदा झाला. बाकीच्या प्रती पालकांना उतरवून घेऊ द्या आणि संमतीपत्रात लिहिलेल्या तारखेला पुसून टाका. एक गोष्ट मात्र मी दोनदा विसरले आहे. हजेरी क्रमांक पुढच्या वर्षी बदलतात. फोल्डर सोपवण्याआधी नवी यादी मिळवा आणि फाइलींची नावं बदला, नाहीतर जूनमध्ये बारा नंबरच्या मुलीचं वाचन म्हणून भलत्याचाच आवाज ऐकू येतो.